गाठी गेल्या, वाकळ राहिली

(अमरावती येथे भरलेल्या महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्यातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

तुमच्यापैकी बऱ्याच जणी आज पहाटे उठून, भाकरी थापून, लेकराबाळांचं आवरून इथे आल्या आहात. अकोट, दर्यापूर, मूर्तिजापूरहून एसटीनं आलेल्या आहेत, अचलपूरच्या आहेत. अशा मेळाव्यात हुंडा, दारू, पोटगी, रोजगार हमी हे विषय सोडून ही बाई वाकळीवर काय बोलणार, असं काही जणींच्या मनात आलं असेल. पण मला आज वाकळीवरच बोलायचं आहे. आपण घरात जे काम करतो त्याची किंमत का होत नाही, ती कोण ठरवतं आणि हे कधीपासून चालत आलं आहे, ते मला वाकळीइतकं स्पष्ट दुसऱ्या कशात दिसलेलं नाही.

काळ मी घेतला आहे १८६१ ते १८६५ या चार वर्षांचा आणि त्याच्या पुढचा थोडा. या चार वर्षांत लढाई झाली ती अमेरिकेत. आपल्या वऱ्हाडात त्या लढाईची एक गोळी सुटली नाही. तरीही त्या लढाईनं अमरावती-अकोल्याच्या घरातली चूल, पांघरूण आणि बाईचा दिवस बदलून टाकला. लढाई म्हटलं की आपल्याला रणांगण दिसतं. घरात बसलेल्या बाईपर्यंत ती कशी पोचते, हे आपल्याला कोणी शिकवलेलं नाही.

वाकळीत काय असतं

आधी वाकळ समजून घेऊ. तुमच्या-माझ्या घरात ती आहेच. कोणी गोधडी म्हणतं, आपल्या खेड्यात म्हातारी बाई 'वाकय' म्हणते. खाली एक जुनं लुगडं अंथरायचं, वर एक. मधे फाटलेलं धोतर, विरलेला सदरा, लेकराचं अंगडं, जे हाताशी असेल ते नीट पसरायचं. मग कडेनं धावदोरा घालत घालत मधे यायचं. दोरा विकत आणायचा नाही, जुन्या लुगड्याच्या काठातला ओढून काढायचा. हे काम उन्हाळ्याच्या दुपारी चालतं, शेतात काही नसतं तेव्हा. एकटीनं होत नाही. ओसरीवर दोघी-तिघी बसतात, हात चालतो आणि तोंडही चालतं. सासूची, नवऱ्याची, माहेरची अशी सगळी बोलणी त्या टाक्यांबरोबर आत जातात.

गेली काही वर्षं मी गावोगाव बायांना त्यांच्या वाकळी उलगडून दाखवायला सांगते आहे. एक प्रश्न मी सगळीकडे विचारते, मधे कापूस का भरत नाही? घरात पऱ्हाटी आहे, अंगणात कापूस पडला आहे, मग चिंध्याच का? दर्यापूरकडच्या एका आजीबाईनं मला उत्तर दिलं, "कापूस वाकयीत भराचा नसते बाई, बजारात न्याचा असते."

या एका वाक्यात वऱ्हाडच्या दीडशे वर्षांचा अर्थ आहे. ज्यांना परवडत होतं त्यांच्या दारी पिंजारी यायचा, पिंजणाचा आवाज गल्लीभर घुमायचा, गादी आणि दुलई भरली जायची. वेचणाऱ्या बाईच्या पांघरुणात मात्र कापूस नव्हता. जगाला कापूस पुरवणारा हा मुलूख, आणि इथली कुणबी, माळी, महार, मांग, कोळी बाई पूस-माघाच्या थंडीत चिंध्यांच्या थरांखाली निजली. कापसाच्या वाटेनं चाललं की हे कसं झालं ते समजतं.

लढाई तिकडे, मागणी इकडे

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्या जगाचं कापड विणत होत्या. त्यांना लागणाऱ्या कापसापैकी तीन चतुर्थांशांहून अधिक कापूस अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतून यायचा. तो पिकवत होते गुलाम. १८६० साली अमेरिकेत सुमारे चाळीस लाख माणसं गुलामीत होती. आफ्रिकेतून पकडून आणलेल्यांची ही लेकरं-नातवंडं. कापसाच्या शेतात बाया पुरुषांच्या बरोबरीनं राबत. बाईचं मूलही मालकाच्या मालकीचं. विकलं तर माय बघत राहायची.

एप्रिल १८६१ मध्ये तिकडे यादवी युद्ध पेटलं. उत्तरेच्या आरमारानं दक्षिणेची बंदरं रोखली. कापूस अडकला. लँकेशायरच्या गिरण्या थंडावल्या आणि गिरणीमालकांची नजर आपल्याकडे वळली. मुंबईच्या बाजारात कापसाचा भाव चढत चढत जुन्या भावाच्या तिप्पट-चौपट झाला.

वऱ्हाड तेव्हा इंग्रजांच्या हाती येऊन थोडीच वर्षं झाली होती. निजामाच्या नावानं ठेवलेल्या फौजेच्या खर्चाचं कर्ज थकलं, आणि १८५३ च्या तहात हा प्रदेश कंपनीनं कारभारासाठी घेतला. घेण्यामागे कापसाची काळी जमीन होती, हे सांगायला नको. पूर्वी इथला कापूस बैलांच्या पाठीवर लादून दूर गंगेकाठी मिर्झापूरला जायचा. आता पश्चिमेकडून रेल्वे येत होती. ती भुसावळ, अकोला, बडनेरा करत १८६७ मध्ये नागपूरला पोचली. खामगाव तेव्हा अकोला जिल्ह्यातच होतं. तिथल्या कापूस बाजारासाठी जलंबहून खास फाटा टाकला, आणि १८७० मध्ये त्याच्या उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आला. व्हाइसरॉय एवढ्याशा फाट्यासाठी येतो, यावरून त्या गाठींची किंमत कळावी.

घरात काय बदललं

आता आपण घरात जाऊ. इतिहासाची पुस्तकं इथे बहुधा दाराशीच थांबतात.

पहिली गोष्ट, कताई. त्या आधीच्या काळात सूत काढणं हे बाईचं काम होतं. सरकी काढायची, कापूस पिंजून घ्यायचा, पेळू करायचे आणि रहाटावर बसायचं. ते सूत कोष्ट्याकडे, साळ्याकडे जायचं. जाडंभरडं कापड विणणारे महार विणकर वऱ्हाडात गावोगाव होते. त्यांच्या घरच्या बायाही सूत काढत. त्यात बाईला फार मिळत नव्हतं. पण काम घरात बसून होतं, म्हातारीला आणि विधवेलाही करता येत होतं, आणि सुताचे चार पैसे तिच्या हातात पडत होते.

गिरणीच्या सुतानं हे काम आधीच पोखरलं होतं. लढाईच्या वर्षांत कापूसच इतका महाग झाला की कातायला घरात ठेवणं परवडेना. कातला तर सुताचा भाव, विकला तर सोन्याचा भाव. हिशेब सोपा होता, आणि तो बाईच्या विरुद्ध होता. हे आपोआप झालं असंही नाही. मध्य प्रांत आणि वऱ्हाडसाठी इंग्रजांनी रिव्हेट-कारनॅक नावाचा खास कापूस कमिशनर नेमला होता. १८६० च्या दशकाच्या अखेरीस त्यानं सरकारला स्पष्टच कळवलं की रेल्वेनं विलायती कापड इकडे स्वस्तात आलं तर देशी कापड मागे पडेल, इथे सूत होऊन खपणारा कापूस बाहेर जाईल, आणि कातणारे-विणणारे हात शेतमजुरीला मिळतील. मैत्रिणींनो, या 'हातांत' सर्वांत जास्त हात कोणाचे होते? कातणाऱ्या बायांचे. रहाटावरून उठवून त्यांना शेतात उतरवायचं, ही सरकारची लेखी अपेक्षा होती.

दुसरी गोष्ट, सरकी. पूर्वी सरकी घरीच निघायची. दोन लाकडी रुळांची चरकी बाई हातानं फिरवायची. काम कंटाळवाणं, खांदे मोडणारं. पण सरकी घरात राहायची. ती म्हशीला, बैलाला मिळायची, पुढच्या पेरणीचं बी घरचं असायचं. पुढे जिनिंग आले तसा कापूस सरकीसकट घराबाहेर गेला. चरकी सुटली म्हणून बाईचे कष्ट सुटले नाहीत, ती जिनिंगमध्ये मजुरीला गेली. १८८१ चा पहिला कारखाना कायदा शंभराहून कमी कामगारांच्या आणि वर्षातून चार महिन्यांच्या आत चालणाऱ्या कारखान्यांना लागू नव्हता, म्हणजे हंगामी जिनिंग बहुतेक सुटलेच. शिवाय मोठ्या बायांच्या कामाच्या तासांना त्यात मर्यादाच नव्हती. १८८४-८५ मध्ये मुंबई सरकारच्या कमिशनसमोर शेजारच्या खानदेशातल्या जिनिंगची साक्ष झाली, तेव्हा पहाटे अंधारात कामावर येऊन रात्रीपर्यंत यंत्रापुढे बसणाऱ्या बायांची हकीकत बाहेर आली. बायांसाठी अकरा तासांची मर्यादा यायला १८९१ साल उजाडलं.

तिसरी गोष्ट, ज्वारी. जिथे ज्वारी व्हायची तिथे पऱ्हाटी आली. कापूस पेरायचा की ज्वारी, हे पुरुष ठरवायचा, कारण सावकाराशी आणि अडत्याशी बोलणं त्याचं. पण कणगीत ज्वारी किती उरली हे बाईला रोज बघावं लागायचं. लढाईच्या वर्षांत धान्याचे भाव कडाडले. घरी पिकत होतं तोवर बाजारभावाशी बाईचा फारसा संबंध नव्हता. विकत घ्यायची पाळी आली तेव्हा कापसाचा पैसा हातात असलेल्या माणसाकडे तिला ज्वारीसाठी मागावं लागलं. धान्य तिच्या ताब्यात होतं, पैसा तिच्या ताब्यात नव्हता. हा फरक लहान नाही. आजही घरात ज्याच्या खिशात पैसा त्याचा शब्द चालतो, आणि कणगी सांभाळणारीला 'तुला काय कळतं' ऐकावं लागतं.

चौथी गोष्ट, कापड. कापूस महाग म्हणजे कापडही महाग. त्या वर्षांत नवं लुगडं घेणं गरिबाला सोपं नव्हतं. मग जुनं जास्त दिवस चालवायचं. फाटलं की ठिगळ. मधे फाटलं की कापून उलट बाजूनं जोडायचं, त्याला दंड घालणं म्हणतात. अगदीच विरलं की वाकळीत. म्हणजे घरच्या शेतात कापसाला सोन्याचा भाव येत होता तेव्हाच घरातल्या बाईचा सुई-दोरा जास्त चालत होता. भाव वाढल्याचं ओझं तिनं टाक्या-टाक्यानं उचललं, आणि ते कोणत्याही हिशेबाच्या वहीत आलं नाही.

याचा अर्थ जुनं सगळं चांगलं होतं असा कोणी काढू नये. रहाटाच्या काळातही बाई दबलेलीच होती. महाराच्या बाईला पाणवठ्यावर जाता येत नव्हतं, विधवेला केस ठेवता येत नव्हते असे समाज होते, लेकीचं लग्न ती खेळण्याच्या वयात होत होतं. माझं म्हणणं एवढंच आहे की बाजार आला म्हणून बाई सुटली, असं झालं नाही. तिचे कष्ट राहिले आणि त्या कष्टांवर तिचा जो थोडा ताबा होता तो गेला.

भाव कोसळला तेव्हा

एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेतली लढाई संपली. कापसाचा भाव कोसळला. मुंबईत १ जुलै १८६५ ला व्यवहार पुरे करायचे होते. त्या दिवशी बँका आणि शेअरवाले बुडाले, ती गोष्ट पुस्तकांत येते. बॅक बेच्या कंपनीची आणि प्रेमचंद रायचंद यांची नावं येतात. भाव चढा असताना वाढवून ठेवलेली कर्जं गावात कोणी कशी फेडली, कोणाच्या बायकोच्या गळ्यातली पोत आणि हातातल्या पाटल्या सावकाराकडे गेल्या, ते पुस्तकात येत नाही.

कापूस मात्र थांबला नाही. रेल्वे आली होती, तार आली होती. लिव्हरपूलचा भाव आता खामगावच्या बाजारात तारेनं कळू लागला. सात समुद्रांपलीकडे कोणी शिंकलं की आमच्या चुलीवर परिणाम. जमीन अधिकाधिक कापसाखाली गेली आणि घरातला धान्याचा साठा आटत गेला.

१८९९-१९०० ला पाऊस दगा देऊन गेला. लोक त्याला छप्पनचा दुष्काळ म्हणतात, संवत १९५६ चा. वऱ्हाडची जनगणना पाहा. १८९१ साली सुमारे २८ लाख ९७ हजार माणसं होती, १९०१ साली २७ लाख ५४ हजार. दहा वर्षांत लोकसंख्या वाढायची सोडून जवळपास दीड लाखानं घटली. दुष्काळ आणि त्यामागून आलेली रोगराई यांत गेलेल्यांचा मोठा वाटा त्यात आहे. रेल्वे होती, रस्ते होते, बाजार होता. धान्य विकत घ्यायला पैसा नव्हता. ज्या मुलुखानं अर्ध्या जगाला कापूस दिला त्या मुलुखात माणसं उपाशी मेली.

अशा वेळी घरातून आधी दागिना जातो, मग भांडी, मग जनावरं. वाकळ जात नाही. तिला कोणी गिऱ्हाईक नसतं. बाजारात कवडीची किंमत नसलेली तीच वस्तू शेवटपर्यंत घराला झाकत राहते. किंमत आणि उपयोग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कोणत्याही अर्थशास्त्राच्या वर्गात न बसता आपल्या आज्यांना ठाऊक होतं.

त्याच वेळी तिकडच्या बाया

याच चार वर्षांत इतर दोन देशांतल्या बायाही सुई-दोरा हातात घेऊन बसल्या होत्या. त्यांची आणि आपल्या आज्यांची कधी भेट झाली नाही. पण एकाच कापसाच्या धाग्यानं त्या बांधलेल्या होत्या, म्हणून त्यांच्याविषयी थोडं सांगते.

अमेरिकेत लढाई सुरू होताच बायांनी गोधड्या शिवायला घेतल्या. तिकडच्या गोधडीला क्विल्ट म्हणतात. दवाखान्यातल्या अरुंद खाटांवर बसतील अशा लांबोळक्या गोधड्या त्यांनी जखमी सैनिकांसाठी हजारोंनी पाठवल्या. त्यातल्या फार थोड्या आज उरल्या आहेत. बाकीच्या वापरून झिजल्या, कित्येक तर मेलेल्या सैनिकाला गुंडाळून त्याच्याबरोबर पुरल्या गेल्या. त्याही आधी, १८३६ मध्ये, बोस्टन शहरात गुलामगिरीविरोधी बायांनी जत्रा भरवली होती. तिथे पाळण्यातली एक छोटी गोधडी विक्रीला होती आणि तिच्यावर गुलाम आईच्या दुःखाची कविता लिहिलेली होती. बायांना मताचा अधिकार नव्हता. व्यासपीठावर बोललं की लोक हुर्यो करायचे. मग त्यांनी गोधडीला बोलायला लावलं.

लँकेशायरमध्ये गिरण्या बंद पडल्या तेव्हा बेकार झालेल्या हजारो कामगार बायांसाठी शिवणाच्या शाळा काढल्या. तिथे बसून शिवायचं, तेव्हा थोडी मदत मिळायची. गिरणी पुन्हा चालू झाली की हातात येई तो आपल्याकडचा आखूड धाग्याचा, कचऱ्याचा कापूस. तो यंत्रावर सारखा तुटायचा. काम दुप्पट आणि नगावर मिळणारी मजुरी निम्मी. त्या बाया हिंदुस्थानच्या कापसाला शिव्या घालत होत्या. वऱ्हाडच्या ज्या बाईनं काट्यासारख्या बोंडांनी बोटं सोलून घेत तो वेचला, तिची त्यांना कल्पना नव्हती. मालक दोघींचा एकच होता. भांडण मात्र दोघींच्या नशिबी.

तिसरी बाई हॅरिएट पॉवर्स. ती १८३७ साली जॉर्जिया राज्यात गुलाम म्हणून जन्माला आली. लढाईनंतर मोकळी झाली. तिनं बायबलमधल्या गोष्टींची चित्रं कापडाचे तुकडे जोडून एका गोधडीवर शिवली. १८८६ च्या सुमारास तिच्या गावाजवळ कापसाची जत्रा भरली, तिथे ती गोधडी मांडली. एका शिकलेल्या गोऱ्या बाईनं ती विकत मागितली. हॅरिएटनं नकार दिला. चार-पाच वर्षांनी घरात तंगी आली तेव्हा ती गोधडी घेऊन तिच्या दारी गेली. मागितले दहा डॉलर, हातात पडले पाच. देण्याआधी तिनं एकेका चित्राचा अर्थ समजावून सांगितला, आणि नंतरही ती आपल्या गोधडीला भेटायला अधूनमधून येत राहिली. विकलेल्या लेकराला भेटावं तशी. आज ती गोधडी अमेरिकेच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

त्या गुलामगिरीचा अंत १८६५ च्या घटनादुरुस्तीनं झाला. आपल्या जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिलं ते अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केलं. पुण्यात बसून त्यांना तिकडचा आणि इकडचा संबंध दिसला होता. तो आपल्यालाही दिसायला हवा.

आपल्याकडे नोंद का नाही

आता कोणी विचारेल, तशी जुनी वाकळ आपल्याकडच्या संग्रहालयात का नाही? राजवाड्यातल्या जरीच्या दुलया ठेवल्या जातात. कष्टकरी बाईची वाकळ ठेवण्यासाठी नसतेच. ती फाटली की तिच्यावर दुसरी चढते. मग ती बाळंतिणीच्या खाली जाते, मग ओट्यावरचं बसकर होते, मग पायपुसणं, मग पोतेरं. शेवटचा तुकडा चुलीत. घरानं तिचा शेवटचा धागा वापरलेला असतो. वापरून संपलं ते काम दिसत नाही. स्वयंपाक तसाच, सारवण तसंच, पाणी भरणं तसंच. सकाळी केलं, संध्याकाळी उरलं नाही, म्हणून केलंच नाही.

१८७० साली लायल साहेबानं वऱ्हाडचं गॅझेटिअर संपादित केलं. जमीन, महसूल, कापूस यांची त्यात भरपूर माहिती आहे. इंग्रजांना जे मोजून न्यायचं होतं ते त्यांनी मोजलं. गाठ मोजली, कारण तिला भाव होता. घरात झालेलं काम मोजलं नाही.

आणि बायांनी स्वतः लिहावं तर अक्षरओळख किती जणींना? तरी आपल्या या वऱ्हाडातच, शेजारच्या बुलढाण्यात, एक बाई लिहायला बसली. ताराबाई शिंदे. १८८२ साली त्यांचं 'स्त्रीपुरुष तुलना' छापून आलं. सगळा दोष बाईच्याच माथी मारणाऱ्या पुरुषांना त्यांनी एकेक करून जाब विचारला. ते पुस्तकही विस्मरणात गेलं, आणि स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये पुन्हा उजेडात आणलं. लिहिलेल्या पुस्तकाची ही गत, तर शिवलेल्या वाकळीचं काय घेऊन बसलात!

आज काय करायचं

इतिहास ऐकून हळहळायला मी इथे आलेली नाही. आजचं बोलू.

२०१९ साली देशात पहिल्यांदा सगळीकडे, लोकांचा दिवस कशात जातो याची सरकारी पाहणी झाली. घरातलं बिनपैशाचं काम करणाऱ्यांमध्ये तेव्हा बाईची दिवसाची सरासरी २९९ मिनिटं जात होती, पुरुषाची ९७. आणि असं काम करणाऱ्या बाया शंभरात ८१, पुरुष २६. म्हणजे जे पुरुष करतात तेही तिच्या एक तृतीयांश, आणि बहुतेक करतच नाहीत. लायल साहेबाच्या गॅझेटिअरपासून इथवर यायला दीडशे वर्षं लागली. मोजलं गेलं, ही जीत आहे. मोल व्हायचं बाकी आहे.

कापसाचं म्हणाल तर वेचणी आजही बायाच करतात. भाव आजही दूर कुठेतरी ठरतो. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम ही नावं आता शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे देशाला माहीत झाली. मागे राहिलेल्या बाईला सावकार आणि बँक दोघं ओळखतात, तलाठी ओळखत नाही. कर्ज तिच्या दारात येतं, जमीन तिच्या नावावर येत नाही. दीर, सासरा, भाऊबंद आडवे येतात. शेतात राबणाऱ्या बाईनंच जीव दिला तर कागदावर ती बऱ्याचदा 'गृहिणी' असते.

यावर आधी काहीच झालं नाही असं नाही. शेतकरी बायांचं चांदवडचं अधिवेशन १९८६ चं. त्यानंतरच्या लक्ष्मीमुक्तीच्या कार्यक्रमात गावोगाव पुरुषांनी बायकांच्या नावावर जमिनी केल्या. १९९४ मध्ये महाराष्ट्रानं आणि २००५ मध्ये केंद्रानं लेकीला वडिलोपार्जित मालमत्तेत लेकाइतका हक्क दिला. कायदा आहे. भावाच्या घरचा चहा बंद होईल या भीतीनं आपण हक्कसोडपत्रावर सही करतो.

म्हणून माझं तुम्हाला तीन गोष्टींचं मागणं आहे.

एक. गावी गेल्यावर आपल्या गटात सातबारा मागवा. किती उताऱ्यांवर बाईचं नाव आहे ते मोजा. विधवा मैत्रिणीचा फेरफार अडला असेल तर तिच्याबरोबर चार जणी तलाठ्याकडे जा. एकटी गेली की तिला 'उद्या ये' म्हणतात. पाच जणी गेल्या की खुर्ची देतात.

दोन. येत्या उन्हाळ्यात वाकळी शिवायला बसाल तेव्हा म्हाताऱ्या बायांना बोलतं करा. कोणतं लुगडं कोणत्या साली घेतलं, कापसाला तेव्हा काय भाव होता, नवं लुगडं किती वर्षांनी मिळालं, दागिना कधी गेला, हे लिहून काढा. वाकळीचा एकेक थर म्हणजे घराच्या हिशेबाचं एकेक पान आहे. त्या आज्या गेल्या की ती वही वाचणारं कोणी उरणार नाही.

तीन. कोणी विचारलं, 'तुम्ही काय करता?' तर 'काही नाही, घरीच असते' हे वाक्य आजपासून बंद. जनगणनेचा माणूस येवो, बँकेचा येवो, की मुलीला बघायला आलेले पाहुणे असोत. वेचणी करते, निंदण करते, जनावरांचं बघते, पाच माणसांचा स्वयंपाक करते, घराची पांघरुणं शिवते. एकेक काम नाव घेऊन सांगा.

कापसाच्या गाठी मोजणारे पुष्कळ झाले. आता टाके मोजायचे आहेत, आणि ते आपल्यालाच मोजावे लागतील.